डिकीतली हॉकी स्टिक

मी सांता क्लाराहून बोलतोय. माझा व्यवसाय आयटी कन्सल्टिंगचा, त्यामुळे मला माइकसमोर बसवलं की ऐकणाऱ्यांना वाटतं, आता हा क्लाउडवर बोलणार नाहीतर फोर-ओ-वन-केवर. आज दोन्ही नाही. आज मी हॉकीच्या सामानाबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत, कॉलेजात, कॉलनीच्या मैदानावर कधीकाळी हॉकी खेळली, मग बारावी, इंजिनीअरिंग, व्हिसा, मुलं या रांगेत ती कुठेतरी मागे राहिली आणि आता चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा खेळावंसं वाटतंय, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे. बाकीच्यांनी पोळ्या लाटत ऐकलं तरी चालेल.

मी मूळचा खडकीचा. खडकी म्हटलं की पुणेकरांना ॲम्युनिशन फॅक्टरी आठवते, बॉम्बे सॅपर्स आठवतात, आणि माझ्या वयाच्या लोकांना धनराज पिल्ले आठवतो. 1968 साली तो खडकीतच जन्मला, फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला, आणि मोडक्या स्टिक घेऊन खेळायला शिकला. पुढे 1992 ते 2004 अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये खेळला. आम्ही पोरं ज्या मैदानावर धूळ खायचो तिथे प्रत्येकाला वाटायचं की पुढचा धनराज आपणच. प्रत्येकाची स्टिक मात्र कुणा मोठ्याने वापरून टाकलेली असायची. खाली तुतीच्या लाकडाचं वळण, वर वेताचा दांडा, आणि मध्ये जिथे चीर पडली असेल तिथे चिकटपट्टीचे दहा वेढे. माझ्या बाबांनी मला एकदाच नवी कोरी स्टिक आणून दिली, आठवीत असताना. बारावीच्या वर्षी तीच त्यांनी माळ्यावर टाकली. 1997 साल होतं. तेव्हापासून 2024 पर्यंत मी हॉकी फक्त पाहिली.

पाहिली मात्र नेमाने. तुम्हाला टोकियो आठवत असेल. भारतात 5 ऑगस्टची सकाळ होती, आपल्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसहाची वेळ. जर्मनीविरुद्ध 1-3 ने मागे होतो, तिथून 5-4 ने जिंकलो. शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि श्रीजेशने तो अडवला. 1980 नंतर पहिलं ऑलिंपिक पदक. मी सोफ्यावरून उठून हॉलमध्ये उगाच दोन फेऱ्या मारल्या. माझी लेक तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. तिने विचारलं, "बाबा, हे फील्ड हॉकी मुलगे पण खेळतात?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सामान घ्यायला निघालात की पहिला अडथळा हाच आहे. इथे नुसतं "हॉकी" म्हटलं की ती बर्फावरची. आपल्या दारात सान होजे शार्क्स आहेत, 1991 पासून. त्यांचं दक्षिण सान होजेतलं सरावाचं आइस रिंक आहे, तिथे मोठ्या माणसांच्या लीगही जोरात चालतात. आपली हॉकी म्हणजे फील्ड हॉकी, आणि ती इथे मुलींचा खेळ समजली जाते. 1901 मध्ये कॉन्स्टन्स ॲपलबी नावाच्या इंग्लिश बाई अमेरिकेत आल्या आणि त्यांनी इथल्या मुलींच्या कॉलेजांतून हा खेळ रुजवला. तेव्हापासून तसंच चालू आहे. कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धा फक्त मुलींच्या. आपल्या काउंटीतल्या बऱ्याच हायस्कूलांत टीम आहेत, त्याही मुलींच्याच. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकन महिलांनी कांस्यपदक घेतलं. पुरुषांनीही एक कांस्य घेतलंय, 1932 साली, तेही लॉस एंजेलिसमध्येच. पण त्या वर्षी संघच मुळी तीन होते: भारत, जपान आणि अमेरिका. भारताने अमेरिकेला 24-1 असं हरवलं. रूपसिंगचे दहा गोल, ध्यानचंदचे आठ. दोन्ही सामने हरून पदक घेऊन जाणारा संघ मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

तर एका मोठ्या खेळाच्या दुकानात मी गेलो आणि "ॲडल्ट हॉकी स्टिक" म्हणालो. तिथल्या मुलाने नम्रपणे विचारलं, "लेफ्टी की रायटी?" मी गोंधळलो. आपल्या हॉकीत डावखुरी स्टिक नसतेच, नियमातच बसत नाही. सपाट बाजू सगळ्यांची डावीकडेच. डावखुऱ्यानेही तशीच खेळायची. बर्फावरच्या हॉकीत मात्र दोन्ही प्रकार असतात. त्या मुलाने मला हेल्मेट, जाळी, खांद्याचे पॅड, स्केट्स असं सगळं दाखवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलाची काही चूक नव्हती. म्हणून सांगतो, दुकानात हेलपाटे घालू नका. फील्ड हॉकीचं सामान विकणाऱ्या खास ऑनलाइन कंपन्या आहेत, तिथेच जायचं. आणि शोधताना "फील्ड" हा शब्द विसरायचा नाही.

आता मुख्य गोष्ट, स्टिक. इथे मी तुम्हाला माझी चूक सांगणार आहे, आणि ती नुसती सामानाची चूक नव्हती.

2024 च्या फेब्रुवारीत माझं एक मोठं कॉन्ट्रॅक्ट संपलं. संपलं म्हणजे पुढे वाढवलं नाही. दीड वर्ष चाललेलं काम, शुक्रवारी दुपारी पंधरा मिनिटांचा कॉल, आणि सोमवारपासून बॅज बंद. इथल्या लोकांना यात नवीन काही नाही, आपल्या प्रत्येक गल्लीत असं एक घर आहे. मी घरी सांगितलं नाही. सोमवारी नेहमीच्या वेळी लॅपटॉप घेऊन बाहेर पडलो आणि लायब्ररीत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून नोकऱ्या शोधायच्या, तर मी काय केलं? हॉकी स्टिक शोधल्या. तीन तास. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकासाठी आम्ही तुलनेचे तक्ते करतो, व्हेंडर अमुक, व्हेंडर तमुक, गुण दहापैकी किती. तसा तक्ता मी स्टिकचा केला. ग्रेज, ग्रिफन, रिच्युअल, ओसाका. कार्बन किती टक्के, वजन किती ग्रॅम, बाक कुठे. आणि शेवटी 340 डॉलरची एक स्टिक मागवली. जवळजवळ पूर्ण कार्बनची, लो बोची, आंतरराष्ट्रीय खेळाडू वापरतात तशी.

त्या आठवड्यात 340 डॉलर खर्च करायला मला काही कारण नव्हतं. आता कळतं की मला तेव्हा स्टिक नको होती. कशात तरी पटाईत असलेला मी पुन्हा हवा होतो. पार्सल आलं त्या दिवशी ते मी गाडीच्या डिकीत ठेवलं, वर घोंगडी टाकली.

स्टिकचं शास्त्र थोडं सांगतो, कारण आपण खेळत होतो तेव्हा हे काही नव्हतं. आमच्या वेळी स्टिक लाकडाची आणि निवडायची म्हणजे हातात धरून हलवून बघायची. आता स्टिक कंपोझिटची: कार्बन, फायबरग्लास आणि थोडं अरामिड, म्हणजे ज्याला लोक केव्लार म्हणतात ते. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक कडक, फटका जोराचा. पण कडक स्टिकमध्ये बॉल थांबवायला हात मऊ लागतो, नाहीतर बॉल आपटून तीन फूट पुढे जातो. आणि प्रत्येक फटक्याचा झणका मनगटातून कोपरात येतो. पंचविशीच्या पोराला तो कळत नाही. आपल्याला कळतो.

दुसरं म्हणजे बाक. स्टिक बाजूने बघितली तर ती धनुष्यासारखी किंचित वाकलेली असते. हा बाक नियमाने 25 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्याचा सगळ्यात खोल भाग स्टिकच्या टोकापासून निदान 200 मिलिमीटर वर असावा लागतो. हा भाग जितका खाली, म्हणजे लो बो, तितका ड्रॅग फ्लिक आणि उचलून मारायचे फटके सोपे. पण साधा पुश, साधा हिट आणि सरळ थांबवणं अवघड, बॉल नको तेव्हा हवेत जातो. बाक मध्यावर असलेली, मिड बोची स्टिक परत येणाऱ्या माणसाला सगळ्यात बरी. तुम्ही पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारणार आहात का? मग लो बो घ्या. नसाल, तर घेऊ नका. मी काही मारणार नव्हतो.

लांबी मोठ्यांसाठी साधारण साडेछत्तीस इंच, उंच माणसाला साडेसदतीस. स्टिक समोर उभी धरली की मूठ कमरेच्या हाडाच्या आसपास यावी, एवढं पुरे. वजनाची नियमातली कमाल मर्यादा 737 ग्रॅम आहे, पण आजच्या बऱ्याच स्टिक साडेपाचशेच्या आत-बाहेर असतात. लाकडीची सवय असलेल्यांना त्या हातात धरल्यावर खेळणं वाटतात. वाटू दे. दोन आठवड्यांत सवय होते आणि खांदा दुवा देतो. वर ग्रिप, टेप कितीही गुंडाळा, पण गुंडाळल्यावर स्टिक 51 मिलिमीटरच्या कड्यातून आरपार जायला हवी, असा नियम आहे. खडकीच्या आमच्या दहा वेढ्यांच्या स्टिक या कड्यात अडकल्या असत्या.

आता माझी गोष्ट पुरी करतो. रविवारी सकाळी इथल्या एका मैदानावर काही लोक जमतात हे मला माहीत होतं. मी बायकोला "मित्रांबरोबर चालायला जातो" म्हणून सांगितलं आणि गेलो. सोळा-सतरा जण होते. बरेच पंजाबी, दोन पाकिस्तानी, एक डच बाई, एक अर्जेंटिनाचा पोरगा, कूर्गचे एक काका साठीच्या पुढचे, आणि एक मी. माझी चकचकीत स्टिक बघून सगळ्यांनी ओठ काढून मान डोलावली. मग खेळ सुरू झाला. पहिला पास आला तो माझ्या स्टिकवर आपटून थेट प्रतिस्पर्ध्याकडे. दुसराही तसाच. मी हिट मारला तर बॉल हवेत उडाला आणि काकांच्या कानाजवळून गेला. काका काही बोलले नाहीत. मध्यंतरात त्यांनी माझी स्टिक हातात घेतली, बाजूने डोळा लावून बघितली आणि म्हणाले, "ही फार चांगली स्टिक आहे. तू सहा महिने माझी वापर."

ती त्यांची स्टिक पाच-सहा वर्षं जुनी, मिड बो, बहुतेक फायबरग्लासची. तिच्यावर माझा पहिला पुश सरळ गेला, तेव्हा काय वाटलं ते सांगत नाही. पण मी ऐकतो कुठला? 340 डॉलर गेलेत म्हटल्यावर वापरायलाच हवी, हा माझा हिशेब. एमबीएच्या पहिल्या सहामाहीत शिकवतात की बुडालेल्या खर्चाकडे बघून पुढचा निर्णय घ्यायचा नाही. मी हे गिऱ्हाइकांना पैसे घेऊन सांगतो. स्वतः मात्र आणखी तीन रविवार तीच स्टिक आपटत राहिलो आणि चौथ्या खेळानंतर उजव्या हाताने चहाचा कप उचलवेना. टेनिस एल्बो. टेनिस न खेळता.

त्याच आठवड्यात कॉस्टकोमधून आल्यावर बायकोने डिकी उघडली. तांदळाची पोती ठेवायला जागा करताना घोंगडी सरकली. तिने स्टिक बाहेर काढली, तिच्यावरची किमतीची चिठ्ठी मी बावळटासारखी तशीच ठेवली होती. ती वाचली. मला वाटलं आता पैशावरून होणार. ती म्हणाली, "तुझ्या कंपनीतल्या त्या मैत्रिणीने मला परवाच विचारलं, आता नवीन कुठे बघतोयस म्हणून. मी वाट बघत होते तू कधी सांगतोस. स्टिक लपवायची होती की कॉन्ट्रॅक्ट?"

ड्राइव्हवेत उभं राहून मी काय उत्तर देणार? आम्ही पोती आत नेली. मग बसून बँकेचे आकडे काढले, हेल्थ इन्शुरन्स तिच्या नोकरीवर घ्यायचा ठरवलं, लेकीच्या उन्हाळी कॅम्पचं बघितलं. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "आणि दाताचं काय घातलंस? बॉल दातावर बसला तर?" मी काहीच घातलं नव्हतं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा 340 डॉलरची स्टिक घेतली आणि वीस डॉलरचा माउथगार्ड घेतला नाही.

म्हणून क्रम सांगतो. आधी माउथगार्ड, मग शिन गार्ड, मग बूट, आणि शेवटी स्टिक. आपण सगळे उलट करतो, कारण स्टिक बघायला मजा येते. हॉकीचा बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, क्रिकेटच्या बॉलच्याच वजनाचा आणि तितकाच टणक. आपण लहानपणी त्याच्यासमोर नुसत्या हाफ पँटमध्ये उभे राहायचो, ते धाडस होतं की अडाणीपणा ते सोडून देऊ. इथे एक दात बसवायला किती हजार डॉलर लागतात हे ज्यांनी बसवलाय त्यांना विचारा. गरम पाण्यात घालून मऊ करायचा आणि चावून स्वतःच्या दातांना बसवायचा असा माउथगार्ड स्वस्त मिळतो आणि चालतो. दात वाकडे असतील किंवा कॅप बसवलेल्या असतील तर डेंटिस्टकडून बनवून घ्या. डाव्या हाताला बोटांच्या मागे जाड अस्तर असलेला एक हातमोजा घ्या, कारण खाली वाकून रिव्हर्स अडवताना बोटं जमिनीवर घासतात. पेनल्टी कॉर्नर अडवायला उभे राहणार असाल तर चेहऱ्याचा मास्क. आमच्याकडे दोन मास्क सगळ्यांत मिळून आहेत. तुमच्याकडेही असतील, घाला. लाजू नका. डच बाई आमच्यात सगळ्यात चांगली खेळते आणि ती कधी मास्कशिवाय कॉर्नरला उभी राहत नाही.

बुटांचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक फसतात. हॉकीचं खरं मैदान म्हणजे आखूड, दाट धाग्यांचं टर्फ, पाणी मारलेलं. 1976 ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेले आपण तिथे सातवे आलो, हे आपल्या पिढीने घरी जेवताना हजारदा ऐकलंय. तर तसल्या टर्फसाठी खालून बारीक बारीक रबरी दाणे असलेले बूट मिळतात. पण आपल्यासारख्या रविवारच्या लोकांना तसं मैदान क्वचित मिळतं. विद्यापीठांकडे असतं, ते आपल्याला कोण देणार? आपल्याला मिळतं ते सॉकरचं मैदान, लांब धाग्याचं, मध्ये रबराचा काळा चुरा टाकलेलं. खेळून आलात की तो चुरा बुटातून, मोज्यातून, थेट वॉशिंग मशीनमध्ये जातो आणि मग घरात वेगळा सामना सुरू होतो. अशा मैदानावर बॉल हळू येतो आणि उसळतो. इथे सॉकरचे आखूड खुंट्यांचे टर्फ शूज चालतात. लांब खुंट्यांचे क्लीट्स मात्र नकोत. खुंट्या रुततात, पाय अडकतो, अंग वळतं आणि गुडघा वळत नाही. आमच्यातल्या एकाचं लिगामेंट असंच गेलं, नऊ महिने घरी. धावायचे जाड गादीचे शूज पण नकोत, त्यात घोटा मुरगळतो. अर्धा नंबर मोठे घ्या, जाड मोजे घालायचे असतात.

शिन गार्ड घेताना सॉकरचे चालतील, पण घोट्याचं हाड झाकणारे बघा. बॅग कसलीही चालते. योगाच्या चटईची पिशवी वापरणारा एक जण आमच्यात आहे.

आता पैसे कमी कसे लागतील. पहिला मार्ग हायस्कूलच्या मुलींचा. त्यांचा मोसम ऑगस्टमध्ये सुरू होऊन शरदात संपतो. बारावीच्या मुली शाळा सोडताना चांगल्या स्टिक अर्ध्या किमतीत किंवा फुकट देऊन टाकतात. कुठल्याही टीमच्या आयांना विचारा, त्यांच्या गॅरेजमध्ये असतेच. साडेछत्तीसची मिळायला थोडं थांबावं लागतं, कारण मुलींच्या स्टिक बऱ्याचदा त्याहून आखूड असतात. घेताना खालच्या वळणावर बोटाने टकटक करा. आवाज पोकळ, भदभदा आला किंवा नखाला चीर लागली तर सोडून द्या.

दुसरा मार्ग, भारतातून. आपण जाणारच असतो. जालंधर हे खेळाच्या सामानाचं माहेरघर. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी ते उभं केलं, आणि सियालकोटमध्ये आजही जगभरच्या ब्रँडच्या स्टिक बनतात. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच परंपरेचे हात. जालंधरच्या रक्षकसारख्या कंपन्यांच्या कंपोझिट स्टिक मुंबईत धोबी तलावच्या दुकानांतून मिळतात आणि इथल्यापेक्षा स्वस्त पडतात. अडचण एकच, साडेछत्तीस इंचाची स्टिक मोठ्या बॅगेत तिरकी घातली तरी बसत नाही, आणि हातात घेऊन विमानात चढू देत नाहीत. क्रिकेटची लांब किटबॅग घ्या आणि ती चेक-इन करा. कडेने लोणच्याच्या बरण्या छान बसतात. स्टिक टॉवेलमध्ये गुंडाळा, बरण्या दुहेरी पिशवीत. माझ्या एका स्टिकच्या ग्रिपला अजून कैरीचा वास येतो.

मी शेवटी काय केलं ते सांगतो. महागडी स्टिक त्या अर्जेंटिनाच्या पोराला 190 डॉलरला विकली. तो तिच्यावर अप्रतिम ड्रॅग फ्लिक मारतो, स्टिक योग्य घरी पडली. मी 110 डॉलरची मिड बो घेतली, कार्बन अगदी थोडा. आणि वीस डॉलरचा माउथगार्ड. सुरुवातीचे 540 होते, स्टिक, बूट, शिन गार्ड, हातमोजा आणि बॅग धरून. त्यात हे 130 आणि वजा 190, म्हणजे 480 डॉलर. पहिल्या चार खेळांना भागलं असतं तर प्रत्येक खेळ 135 डॉलरला पडला होता. आता साठ खेळ झालेत, म्हणजे आठ डॉलर. हा तक्ता फ्रिजवर लावायची माझी इच्छा होती, बायकोने लावू दिला नाही. नवीन काम मला मे महिन्यात मिळालं. लायब्ररीतले दिवस मात्र अजून अधूनमधून आठवतात, विशेषतः शुक्रवारी दुपारी कुणी पंधरा मिनिटांचा कॉल लावला की.

कोपर बरं व्हायला चार महिने लागले. त्या काळात मी नियम शिकलो, आणि ते शिकवले लेकीने. ती आता शाळेच्या टीममध्ये आहे. तुम्हीही परत जाण्याआधी एकदा नियम बघून घ्या, नाहीतर मैदानात तुम्ही 1997 चे दिसाल. ऑफसाइड नाही. फ्री हिट मिळाला की पास द्यायची वाट बघायची नाही, स्वतःच बॉल ढकलून पळत सुटायचं. ते 2009 पासून आलं. बॉल खांद्याच्या वर असला तरी स्टिकने खेळता येतो, धोकादायक नसला तर. आम्हाला यावर शिट्टी पडायची. रिव्हर्सला स्टिकच्या कडेने जोरात मारतात, ते बघून माझे जुने सर चक्कर येऊन पडले असते. सामना 35-35 मिनिटांच्या दोन भागांचा नाही, 15 मिनिटांच्या चार क्वार्टरचा. आणि बदली खेळाडू हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा. चाळिशीच्या माणसासाठी यापेक्षा चांगला नियम जगात झाला नाही. मी सहा मिनिटं खेळतो, चार मिनिटं बाहेर बसतो, आणि बाहेर बसून आत असलेल्यांना सल्ले देतो.

खेळायच्या आधी पंधरा मिनिटं अंग गरम करा. हॅमस्ट्रिंग, पोटऱ्या आणि कंबर. आपली हॉकी वाकून खेळायची आहे, आणि आपण आठवडाभर खुर्चीत वाकून बसलेलो असतो. दोन्ही वाकणी वेगळी. पहिला महिना फक्त अर्धा वेळ खेळा. साखर, बीपी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, बायकोने अपॉइंटमेंट घेतली.

गेल्या डिसेंबरात खडकीला गेलो होतो. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. माळा साफ करायचं निमित्त काढून मी स्टिक शोधली. नव्हती. बाबांना विचारलं तर म्हणाले, "ती? ती तू इंजिनीअरिंगला गेलास तेव्हाच दिली. समोरच्या चाळीतला पोरगा उसनी मागायला यायचा. म्हटलं पडून काय करणार, खेळेल तरी." मला क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं, "आता कुठली घेतलीस?" मी फोनवर फोटो दाखवला, कार्बन वगैरे समजावलं, बाक दाखवला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. "लाकूड नाहीच का यात?" म्हणाले. "नाही." "मग चीर पडली तर पट्टी कशी लावणार?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कंपोझिट स्टिकला चीर पडली की ती टाकूनच द्यायची असते.

आम्ही रविवारी सकाळी साडेसातला जमतो, उन्हाळ्यात सातला, कारण दहानंतर ते काळं रबर तापून पाय भाजतात. संघ तिथेच पाडतो, कुणी आगाऊ नाव द्यायला लागत नाही. तुमच्या गावात असाच एखादा गट असेल; नसेल तर गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये विचारा, बे एरियात तरी मला अर्धे खेळाडू असेच सापडले. पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. माउथगार्ड मात्र घ्या, तो उसना घेता येत नाही. बाकी स्टिक कुणीही देईल. माझ्या डिकीत दोन जादा असतात, दोन्ही मिड बो, आणि वर घोंगडी नसते.